माशी शिंकली

रानडे रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात मी छत्री खांद्याला लावली, डावा डोळा मिटला आणि समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांवर नेम धरला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तीन हळूच बाजूला सरकली. चौथे आजोबा जागचे हलले नाहीत, कारण त्यांचा चष्मा दांडी बसवायला आत गेला होता आणि त्यांना मी दिसतच नव्हतो.

"काका, छत्री खाली," काउंटरमागचा मुलगा म्हणाला. "नंबर कशासाठी काढायचाय? वाचायला की लांबचा?"

"बंदुकीसाठी."

दादरच्या दुकानदाराला कशाचंही आश्चर्य वाटत नाही. त्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे कॉम्प्युटरसारखं धरू का?"

मी खिशातून सुतळी काढली. तिला एका ठिकाणी गाठ मारलेली होती. "इथपासून इथपर्यंत," मी म्हणालो, "माझा डोळा आणि ही गाठ म्हणजे माशी."

आता मात्र आजोबांनीही मान वळवली.

हे सगळं गणपतीत सुरू झालं. परळ-लालबागच्या चाळींत ज्यांचं बालपण गेलं त्यांच्या गावच्या घरात वारशाने चालत आलेलं काही ना काही असतंच. कुणाकडे पालखीचा मान असतो, कुणाकडे भाऊबंदकीतला दावा. आमच्या कुडाळकडच्या घरात ठासणीची बंदूक आहे. माजघरातल्या कपाटात ती कुलपात असते. वर्षातून एकदा तिला तेल, हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं. बाकी वर्षभर ती आणि वांदर यांचं युद्ध चालू असतं आणि वांदरांची आघाडी कायम असते.

ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की ती घाईच्या माणसासाठी नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग गजाने ठासणं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं, मागे टोपी बसवणं, घोडा ओढणं. एवढं होईपर्यंत वांदर शहाळं फोडून, पिऊन, रिकामं आपल्याच अंगणात टाकून शेजाऱ्याच्या माडावर पोचलेला असतो. १८५७च्या भानगडीतली ती प्रसिद्ध एन्फील्ड रायफलही ठासणीचीच होती. तिच्या कागदी काडतुसाचं तोंड दातांनी फाडावं लागे. म्हणजे त्या काळी शिपायाचे डोळे नंतर, आधी दात तपासत असणार. दातांच्या बाबतीत मी आजही भरती होऊ शकतो.

आमची मात्र रायफल नव्हे. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी गिरक्या घेत सरळ जाते. आमच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, आणि त्यातून सुटलेल्या छर्ऱ्यांना आपापली मतं असतात. तरीही आमचे वडील, म्हणजे तात्या, तिला रायफलच म्हणतात. १९५९च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. खरोखरच पिकाच्या रक्षणासाठी हवी असेल तर परवाना द्यावा, असं कलम १३ म्हणतं. याचा तात्यांना कोण अभिमान! "माझो उल्लेख खंयच नाय," ते सांगतात, "पण माझ्या बंदुकेचो दिल्लीच्या कायद्यात आसा."

तात्या लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. चालत्या साच्यावर हजार धाग्यांतला एक तुटला की तो त्यांना दोन साचे पलीकडून दिसायचा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. तो मागे घेतल्याचं आजतागायत कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तात्या अजून संपावर आहेत. ते गावी गेले, नारळ-सुपारी बघू लागले आणि आजोबांच्या पश्चात बंदूक त्यांच्याकडे आली. धाग्यावरचे डोळे माडावर लागले.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू मुंबईत काढले. डोळ्यांत लांबचं स्पष्ट दिसणारी भिंगं बसली. तिसऱ्या दिवशी ते लालबागच्या आमच्या गॅलरीत उभं राहून उड्डाणपुलावरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचत होते. पाचव्या दिवशी कंटाळून मी त्यांना दादर स्टेशनवर तुतारी एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं.

गणपतीला आम्ही गावी गेलो तेव्हा तात्या गप्प होते. आरती झाली, मोदक झाले, मंडळी पांगली. मग त्यांनी मला ओसरीवर बोलावलं.

"माकडा दिसतत," ते म्हणाले. "माडार किती नारळ आसत ता मोजूक येता. पण बंदुकेची माशी खंय उडान गेली?"

नळीच्या पुढच्या टोकावर जो बारीकसा उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात. मागची खाच, पुढची माशी आणि त्यापलीकडचं सावज एका ओळीत आलं की नेम धरला. जुन्या मराठीत याला शिस्त धरणं म्हणत. पुढे शाळामास्तरांनी हा शब्द बंदुकीकडून पळवला आणि छडीला जोडला. आम्ही शाळेत शिस्त पाळत होतो तेव्हा प्रत्यक्षात आमच्यावरच नेम धरलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

अडचण अशी, की डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहू शकतो. खाच हातभर, माशी कवेच्या पलीकडे, वांदर माडावर. तरुणपणी डोळ्यातलं भिंग लवचिक असतं, ते या तिघांत इतक्या झटपट ये-जा करतं की आपल्याला तिन्ही एकदम दिसल्यासारखं वाटतं. दहा वर्षांचं पोर नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षरही वाचतं. चाळिशीला हे अंतर वीतभर होतं आणि साठीला हाताच्या लांबीपलीकडे जातं. भिंग कडक होत जातं, एवढंच त्याचं कारण. मराठी माणसाने वयालाही चाळिशी म्हटलं आणि त्या वयाच्या चष्म्यालाही. जगात इतकी प्रामाणिक भाषा दुसरी नसेल. तात्यांच्या डोळ्यांत तर आता भिंगच बाहेरचं. ते लांबचं दाखवतं, उत्तम दाखवतं, आणि जागचं हलत नाही. वांदर लख्ख, माशी गायब.

"आता परवानो तुझ्या नावार करूया," तात्या म्हणाले. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. तात्यांचं दोन्ही बाबतींत कधीच पूर्ण झालं होतं. "तुझे डोळे बरे आसत मां?"

मी बावन्न वर्षांचा. होय म्हणालो. मुलगा वडिलांना खोटं बोलतो ते साधारण याच विषयांवर.

माझ्या डोळ्यांची खरी हकिगत अशी. लांबचं मला अजून छान दिसतं. जवळचा नंबर दोन. मधलं जग कुणाचंच नाही. बेस्टच्या बसवरचा ३ आणि ६ मला बस पुढे निघून गेल्यावर वेगळे ओळखता येतात. मेडिकलच्या दुकानात औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला मी पाकीट लांब धरत धरत एकदा शेजारच्या बाईंच्या पिशवीवर ठेवलं होतं. आणि मासे! चाळिशीनंतर माणसाचा मासा बदलतो, हे निरीक्षण कुणीतरी नोंदवायला हवं. ज्या घरात पेडवे, मांदेली आवडीने खाल्ली जात, तिथला पुरुष अचानक सुरमईचं कौतुक करू लागला की समजावं, त्याला काटे दिसेनासे झालेत. सुरमईचा मधला काटा आंधळ्यालाही सापडतो. पैशांचं गणित बिघडतं ते वेगळंच.

कॅरमने तर माझी अब्रू घालवली. आमच्या मंडळाच्या खोलीत गणपतीनंतर रोज रात्री कॅरम चालतो. बोर्ड जेमतेम अडीच फुटांचा, पण त्यावरही बंदुकीचीच तीन अंतरं आहेत: स्ट्रायकर जवळ, सोंगटी मध्ये, भोक लांब. शिवाय मी नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा केला होता. त्या चष्म्यात लांबचं वरून, जवळचं खालून आणि मधलं मधल्या एका चिंचोळ्या पट्टीतून दिसतं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना जग पातेल्याच्या बुडासारखं वाकतं. मी कोंबडीसारखी मान खालीवर करत नेम धरला, राणी घेतली, कव्हर करायला गेलो आणि स्ट्रायकर सोंगटीच्या शेजारून, अगदी आदराने वाट देत, सरळ भोकात गेला. राणी परत वर आली. मंडळातल्या वीस वर्षांच्या पोराने मला सहानुभूतीने पावडर पुढे केली. त्या पावडरीचं दुःख मला राणीपेक्षा जास्त झालं.

तेव्हा आता अभ्यास करायचा ठरवलं. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. लालबागपासून फार लांब नाही. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत असताना अंजली वेदपाठक, म्हणजे आपल्या अंजली भागवत, नेमबाजीकडे वळल्या, त्याच वरळीच्या रेंजवर तयार झाल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका केवढा असतो? अर्ध्या मिलिमीटरचा. मला तेवढा खडा भातात आला तरी दाताखाली आल्यावरच कळतो.

पण त्या रायफलींमधली एक गोष्ट माझ्या कामाची निघाली. नेमबाज मागच्या खाचेऐवजी एका बारीक भोकातून बघतात. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं. जो प्रकाश वेडावाकडा येऊन चित्र पुसट करतो तो भोकाच्या कडेलाच अडतो. हे आम्ही लहानपणी चाळीत मूठ डोळ्याला लावून करत होतो. त्याला विज्ञान म्हणतात हे माहीत नव्हतं, नाहीतर तेव्हाच मार्क मिळाले असते.

मी जुन्या चष्म्याच्या उजव्या काचेवर काळी इन्शुलेशन टेप चिकटवली आणि सुईने मध्यभागी भोक पाडलं. कमाल झाली. गॅलरीच्या कठड्याला टेकून छत्री धरली तर छत्रीचं टोकही दिसलं आणि पुलावरची टॅक्सीही. एक तोटा होता. ऊन असेल तरच दिसे. संध्याकाळ झाली की भोकातून येणारा प्रकाशही कमी आणि वांदर मात्र संध्याकाळी हमखास येणार.

त्या आनंदात मी चष्मा काढायला विसरलो आणि तसाच गिरगावात आत्याकडे गेलो. ठाकूरद्वारच्या नाक्यावर एका पोराने हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. मला वाटलं, गिरगावात अजून संस्कार शिल्लक आहेत. आत्याने दार उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, कधी झालं ऑपरेशन? फोन तरी करायचास!"

मी समजावून सांगेपर्यंत तिने मला पलंगावर आडवं केलं होतं, गरम दूध आणलं होतं आणि उशीखाली शंभराची नोट सरकवली होती. बंदुकीचा विषय काढला तेव्हा तिने आणखी एक उशी आणली.

शेवटी मी तात्यांना फोन करून धीर दिला. म्हटलं, तात्या, वयाचं काही नसतं. स्वीडनचे ऑस्कर स्वान नावाचे नेमबाज होते. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बहात्तराव्या वर्षी त्यांनी रौप्यपदक मिळवलं. पळत्या हरणाच्या आकृतीवर नेम मारायचा होता.

तात्यांनी नीट ऐकून घेतलं. "हरान बरा," ते म्हणाले. "ता जमनीर धावता. वांदर माडार असता."

तेव्हा माशीच्या अंतराचा खराच चष्मा करायचं ठरलं. म्हणून सुतळी. पितृपक्षात एका चुलतभावाने बंदुकीचं माप काढून, गाठ मारून ती गावाहून पाठवली. बंदूक काही मी दादरला आणणार नव्हतो. छत्री आणली तर एवढं झालं.

चष्म्याच्या दुकानातल्या मुलाने मोजपट्टी काढून सुतळी मोजली. एकशे दहा सेंटिमीटर. मग त्याने मला तो वजनदार गोल चष्म्याचा सांगाडा घातला, ज्यात माणूस घुबडासारखा आणि अपराधी दिसतो, आणि एकेक भिंग सरकवायला सुरुवात केली. हे बरं की हे बरं? आता? आणि आता? चष्म्याच्या दुकानातला हा प्रश्न मला कायम लग्नाच्या मुलाखतीतल्यासारखा वाटतो. दोन्ही सारखीच वाटतात, पण तसं म्हणता येत नाही.

"काका, हिशोब सोपा आहे," तो म्हणाला. "एक मीटरवरचं बघायला एक नंबर लागतो. तुमची माशी साधारण तेवढ्यावरच आहे. पण पूर्ण एक दिला तर माशी छान दिसेल आणि लांबचं पुसट होईल. अर्धा दिला तर लांबचं राहील, माशी जराशी कमी. लांब काय आहे?"

"वांदर."

"मग पाऊण करू. वांदराला चालेल."

तो माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आणि माझ्या सगळ्या प्रश्नांना त्याच्याकडे पाऊण हे उत्तर होतं. साधी, वरपासून खालपर्यंत एकच नंबर असलेली काच त्याने सुचवली. प्रोग्रेसिव्ह बंदुकीला चालत नाही, कारण गाल दस्त्यावर टेकला की नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते आणि तिथे नेमकं लांबचं असतं. मी कॅरमचं सांगितल्यावर तो म्हणाला, "कॅरमलाही हाच घाला." एवढ्या अभ्यासाअंती मी राणी वाचवणार होतो तर!

खंडेनवमीला मी गावी पोचलो. बंदूक बाहेर काढली, पुसली, पाटावर ठेवली, पूजा झाली. मग ती रिकामी आहे याची तात्यांनी दोनदा आणि मी तीनदा खात्री केली. मी नवा चष्मा घातला, दस्ता खांद्याला लावला आणि समोरच्या माडाकडे नळी वळवली.

माशी होती. नळीच्या टोकावर, काळी, ठसठशीत, जागच्या जागी बसलेली. तिच्या पलीकडे माड, माडावर झावळ्या आणि झावळीत एक केल्डं, म्हणजे माकड. जरासं धुरकट, पण केल्डंच.

"दिसता?" तात्यांनी विचारलं.

"दिसतंय."

"बघू."

त्यांनी चष्मा माझ्या नाकावरून काढून स्वतःच्या नाकावर ठेवला. मी हे आधीच ओळखायला हवं होतं. लांबचा नंबर मलाही नाही आणि ऑपरेशननंतर त्यांनाही नाही. पाऊण नंबर मधला, तो दोघांनाही एकच. तात्यांनी बंदूक उचलली, गाल टेकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. साच्यावर उभे असताना ते असेच गप्प असायचे, असं आई सांगायची.

"ह्यो चष्मो कितीचो?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"बरो आसा," ते म्हणाले आणि चष्मा खिशात घातला. परवान्याचे कागद त्यांनी ट्रंकेत परत ठेवले. वारसाबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. चुलतभावाने विचारलंच, तात्या, एवढा चष्मा कशाला, छर्रे काय नेमाने जातात? तेव्हा ते म्हणाले, "वांदराक खंय म्हायत नेम लागलो की नाय? तो आवाजाक भियता. नेम माका होयो."

मी मुंबईला परत आलो ते सुतळी घेऊन. दादरच्या त्या मुलाकडे दुसऱ्या चष्म्याची ऑर्डर दिली. त्याने नाव वगैरे विचारलं नाही, वहीत नुसतं 'बंदूक, पाऊण' लिहिलं. कॅरमला तो चष्मा बरा चालतो. राणी परवा कव्हर झाली.

गावात मध्यंतरी निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. आमचीही झाली. तात्या रोज संध्याकाळी ओसरीवर बसून माडाकडे बघतात. चष्मा जमा करायला कुणी सांगितलेलं नाही.